सात ओळींचं टेबल: इंटरव्ह्यूसाठी क्वेरी आणि कोडिंगचा सराव कसा करावा

‘दुसरा सर्वाधिक पगार किती?’ एसक्यूएलच्या (डेटाबेसला प्रश्न, म्हणजे क्वेरी, विचारण्याच्या भाषेच्या) इंटरव्ह्यूमध्ये हा प्रश्न इतका विचारला जातो की बहुतेकांना त्याचं उत्तर पाठ असतं. ते धडाधड लिहूनही दाखवतात. मग मी विचारतो, ‘सगळ्यात जास्त पगार दोघांना असेल तर?’ आणि कीबोर्डवरचे हात थांबतात. समोरच्याची हुशारी कमी पडलेली नसते. त्याने तीनशे प्रश्नांची उत्तरं वाचलेली असतात, पण एकही प्रश्न उलटसुलट करून पाहिलेला नसतो. उत्तर वाचून कळणं आणि कोऱ्या पानावर ते लिहिता येणं यांत मोठं अंतर आहे, आणि सराव करायचा तो हे अंतर कापण्यासाठी.

म्हणून तुम्हाला प्रश्नांची यादी देत नाही. एक छोटं टेबल देतो. त्यावर महिनाभर काम करा.

आधी टेबल स्वतःच्या हाताने बनवा

एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस उतरवून घ्या. ते फुकट आहे, त्याला सर्व्हर लागत नाही, सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये मावतो आणि जुन्या लॅपटॉपवरही ते सुरळीत चालतं. त्यात ‘विभाग’ आणि ‘कर्मचारी’ अशी दोन टेबलं तयार करा. विभाग तीन घ्या: लेखा, विक्री आणि संशोधन. कर्मचारी सात:

सुनीता, लेखा, ८०,०००
इरफान, लेखा, ७०,०००
मेघा, विक्री, ८०,०००
प्रसाद, विक्री, ६०,०००
जोसेफ, विक्री, ४०,०००
रेश्मा, विभाग अजून ठरलेला नाही, ५०,०००
गणेश, विक्री, पगार भरलेलाच नाही

प्रत्येक कर्मचाऱ्याला एक क्रमांक द्या आणि विभाग नावाने न लिहिता विभागाच्या क्रमांकाने जोडा. रेश्माचा विभाग आणि गणेशचा पगार या दोन्ही जागी शून्य किंवा रिकामी स्ट्रिंग टाकू नका, नल (‘माहिती नाही’ असं सांगणारी खूण) ठेवा.

डेटा मुद्दाम असा वाकडा ठेवला आहे. पहिल्या क्रमांकावर दोघं आहेत, एका विभागात माणूसच नाही, एका माणसाला विभाग नाही आणि एकाचा पगार नल आहे. सराव-संकेतस्थळांवरचा नमुना डेटा बहुधा स्वच्छ असतो आणि स्वच्छ डेटावर चुकीची क्वेरीही बरोबर उत्तर देऊन जाते. या सात ओळी मात्र चूक लगेच दाखवतात. शिवाय उत्तर काय यायला हवं ते क्वेरी चालवण्याआधीच बोटांवर मोजता येतं. ही सवय मोलाची आहे: आधी अपेक्षित उत्तर वहीत लिहायचं, मग एंटर दाबायचं.

क्वेरी कोणत्या क्रमाने चालते ते अंगवळणी पाडा

आपण लिहिताना सिलेक्टपासून सुरुवात करतो. अर्थ लावताना क्रम वेगळा असतो: आधी फ्रॉम आणि जॉइन, मग व्हेअर, मग ग्रुप बाय, मग हॅविंग, त्यानंतर सिलेक्ट, मग ऑर्डर बाय आणि शेवटी लिमिट. हा क्रम नुसता घोकू नका, वापरून पाहा.

‘ज्या विभागांचा सरासरी पगार ७०,०००हून जास्त आहे ते दाखवा.’ सरासरीची अट व्हेअरमध्ये घालून बघा. एरर येईल, कारण व्हेअर चालतं तेव्हा गट पडलेलेच नसतात, मग सरासरी कुठून येणार? अट हॅविंगमध्ये न्या. लेखा विभाग ७५,००० सरासरी घेऊन येईल. आता हॅविंग काढून टाका आणि विक्रीची सरासरी पाहा. ती ६०,००० दिसेल. गणेश धरून विक्रीत चार माणसं आहेत, पण भागाकार तीननेच झाला, कारण सरासरी काढताना नल मोजला जात नाही. गणेशचा पगार शून्य धरला असता तर सरासरी ४५,००० आली असती. यातलं कुठलं बरोबर? ते कंपनीने ठरवायचं, आणि इंटरव्ह्यूमध्ये तुम्ही हाच प्रश्न समोरच्याला विचारायचा. असा प्रश्न विचारणारा उमेदवार मला नेहमी आवडतो.

आता दुसरा सर्वाधिक पगार

यावर एक अख्खी संध्याकाळ घालवा. एकच प्रश्न चार रीतींनी सोडवायचा आहे. आपल्या टेबलात बरोबर उत्तर आहे ७०,०००.

पहिली रीत सगळ्यांना सुचते: पगार उतरत्या क्रमाने लावायचे, एक ओळ सोडायची आणि पुढची घ्यायची. उत्तर येतं ८०,०००. चूक. सुनीताची ओळ सोडली तर मेघाची आली, किंवा उलट. डिस्टिंक्ट (एकसारखे पगार एकदाच घेणारा शब्द) लावलं की ७०,००० येतात.

दुसरी रीत जुनी आणि भरवशाची: सर्वाधिक पगारापेक्षा जे पगार कमी आहेत, त्यांतला सर्वाधिक. आत एक सबक्वेरी (क्वेरीच्या पोटातली क्वेरी), बाहेर एक मॅक्स. नलची अडचणही येत नाही, कारण मॅक्स नलकडे पाहतच नाही. टेबलात एकच पगार असेल तर ही रीत नल परत करते, पहिली रीत मात्र एकही ओळ देत नाही. हा फरक लक्षात ठेवा, त्यावर उपप्रश्न येतो.

तिसरी आणि चौथी रीत विंडो फंक्शनच्या, म्हणजे ओळी एकत्र न करता प्रत्येक ओळीपुढे हिशोब मांडणाऱ्या फंक्शनच्या. रँक वापरून क्रमांक दोन मागितला तर हाती काहीच लागत नाही! रँक दोन्ही ८०,०००ना एक क्रमांक देतो आणि पुढच्याला थेट तीन, त्यामुळे दोन क्रमांक कुणालाच मिळत नाही. डेन्स रँक एक, एक, दोन असा चालतो आणि ७०,००० बरोबर सापडतात. रो नंबर एक, दोन, तीन असा बिनदिक्कत मोजत जातो, म्हणजे पुन्हा ८०,०००. तिन्ही फंक्शन एकाच क्वेरीत शेजारशेजारच्या कॉलमांत छापून बघा. पाठ करण्याची गरज उरणार नाही.

इथे मघाचा क्रम पुन्हा कामाला येतो. डेन्स रँकचा क्रमांक थेट व्हेअरमध्ये तपासता येत नाही, कारण व्हेअर आधी चालतं आणि विंडो फंक्शनचा हिशोब नंतर होतो. म्हणून ती क्वेरी सबक्वेरीत किंवा विथच्या भागात ठेवून बाहेरून गाळावी लागते. इंटरव्ह्यूमध्ये ‘असं का?’ विचारलं तर सांगायला कारण तयार आहे.

एक सापळा अजून उरलाय. एसक्यूलाइट, मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर नलला सगळ्यात लहान मानतात, त्यामुळे उतरत्या क्रमात गणेश तळाला जातो. पोस्टग्रेस आणि ओरॅकल या डेटाबेसांत सांगितलं नाही तर उतरत्या क्रमात नल सगळ्यात वर येतो. म्हणजे डेन्स रँकची तीच क्वेरी तिथे गणेशला पहिला क्रमांक देईल आणि ‘दुसरा सर्वाधिक पगार’ म्हणून ८०,००० दाखवेल. पगार नल नसल्याची अट आधीच घाला, प्रश्न मिटतो. एसक्यूलाइटवर हे अनुभवायचं असेल तर ऑर्डर बायला नल्स फर्स्ट जोडा, २०१९पासूनच्या आवृत्त्यांत ते चालतं. मायएसक्यूएल वापरत असाल तर आवृत्ती ८ किंवा पुढची घ्या, त्याआधीच्या आवृत्त्यांत विंडो फंक्शन नाहीत.

हे सगळं जमलं की ‘प्रत्येक विभागातला दुसरा’ काढा. पार्टिशन बाय विभाग (प्रत्येक विभागाची मोजणी वेगळी) जोडला की लेख्यातून इरफान आणि विक्रीतून प्रसाद येतो. एकटी रेश्मा तिच्या नल विभागाच्या गटात पहिली ठरते, म्हणून यादीत दिसत नाही.

जॉइन: दोन चुका स्वतः करून बघा

‘प्रत्येक विभागात किती माणसं?’ संशोधन विभागही शून्यासकट दिसायला हवा, म्हणून विभागाकडून लेफ्ट जॉइन (डावीकडच्या टेबलाची प्रत्येक ओळ राखणारी जोडणी). आता काउंटमध्ये तारा (*) लिहून बघा. संशोधनापुढे एक येईल. माणूस नसला तरी लेफ्ट जॉइनने त्या विभागाची एक ओळ राखली आहे आणि तारा ओळी मोजतो. तिथे कर्मचारी क्रमांक मोजला की शून्य येतं.

‘ज्या विभागांत कुणीच नाही ते शोधा.’ नॉट इन वापरून आत कर्मचाऱ्यांचे विभाग क्रमांक मागवा. उत्तर पूर्ण रिकामं! दोषी आहे रेश्माचा नल. संशोधनाचा क्रमांक नलशी तुलना करताना ‘हो’ही येत नाही आणि ‘नाही’ही येत नाही, ‘माहीत नाही’ येतं, आणि व्हेअर फक्त ‘हो’लाच पुढे सोडतं. नॉट एक्झिस्ट्सने लिहा, संशोधन सापडेल. ही चूक एकदा स्वतःच्या हाताने झाली की माणूस ती जन्मात विसरत नाही.

एक सावधगिरी. एसक्यूलाइट स्वभावाने सैल आहे. ग्रुप बायमध्ये नसलेला कॉलम सिलेक्टमध्ये नुसता लिहिला तरी ते चालवून घेतं, पोस्टग्रेस एरर देतं. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी याच सात ओळी पोस्टग्रेसमध्ये भरा आणि जुन्या क्वेरी तिथे चालवा.

कोडिंगचा प्रश्न: आधी कागद

पद्धत तीच ठेवा: प्रश्न छोटा, डेटा हाताने तपासता येणारा. उदाहरणार्थ, ‘ॲरेमधल्या कोणत्या दोन संख्यांची बेरीज १३ होते?’ ॲरे घ्या ७, ४, ९, २.

पहिल्यांदा साधी रीत बोलून दाखवा: प्रत्येक संख्येची बाकीच्यांशी जोडी लावायची. तिची लाज वाटून घेऊ नका, ती आधी सांगणं चांगलंच. मग खर्च सांगा. एक लाख संख्या असतील तर जवळजवळ ५०० कोटी जोड्या तपासाव्या लागतील. आता सुधारणा: पुढे जाताना पाहिलेल्या संख्या हॅशमॅपमध्ये (हवी ती नोंद चटकन शोधून देणाऱ्या साठ्यात) ठेवायच्या आणि प्रत्येक वेळी ‘मला हवी असलेली जोडीदार आधी येऊन गेली का?’ असं विचारायचं. ७ला हवा ६, नाही, ७ ठेवा. ४ला हवा ९, नाही, ४ ठेवा. ९ला हवा ४, आहे. काम झालं. लाख संख्यांना फार तर लाख वेळा विचारणा, त्याबदल्यात थोडी जादा मेमरी.

हे ड्राय रन (कोड न चालवता हाताने केलेली फेरी) कागदावर, तोंडाने बोलत करा आणि मगच टाइप करायला घ्या. त्यानंतर कोडला छळा. ३, ४ या ॲरेत बेरीज ६ मागा: आधी सगळ्या संख्या मॅपमध्ये भरल्या असतील तर ३ स्वतःचीच जोडीदार बनते. ३, ३ या ॲरेत मात्र ६ मिळायलाच हवेत. आधी विचारायचं आणि मग ठेवायचं, हा क्रम पाळला की दोन्हीकडे बरोबर उत्तर येतं. रिकामा ॲरे, एकच संख्या आणि ऋण संख्यांवरही चालवून बघा.

हीच युक्ती डेटाबेसही वापरतो. हॅश जॉइन करताना तो एका टेबलाचा, बहुधा लहान टेबलाचा, हॅश तयार करतो आणि दुसऱ्याची एकेक ओळ त्यात शोधत जातो. कोडिंग आणि क्वेरी हे दोन वेगळे विषय मानून अभ्यास करणाऱ्यांना हे कळतं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघण्यासारखा असतो.

ॲरे आणि स्ट्रिंग, हॅशमॅप, दोन पॉइंटर, बायनरी सर्च, स्टॅक, लिंक्ड लिस्ट, ट्री, इतक्यांवर प्रत्येकी सहा-सात प्रश्न नीट झाले तर फ्रेशरसाठी पाया पक्का होतो. लीटकोड, हॅकररँक, गीक्सफॉरगीक्स, कोडशेफ यांपैकी एक निवडा आणि तिथेच टिका.

रोजचा सराव

दिवसाला दोन प्रश्न पुरेत: एक नवा, एक जुना. नव्यावर ३० मिनिटं झटा. तोवर नाही सुटला तर उत्तर वाचा, पान बंद करा आणि लगेच कोऱ्या फाइलवर लिहा. तीन दिवसांनी पुन्हा, दहा दिवसांनी पुन्हा, दर वेळी कोऱ्या फाइलपासून. वहीत उत्तर उतरवू नका, चुकीचं कारण उतरवा: ‘नलचा विचार केला नाही’, ‘लूप एक पाऊल पुढे गेला’. महिन्याभरात दिसेल की आपल्या चुका पाच-सहाच आहेत आणि त्याच परत परत येतात.

एआयच्या साधनाकडून उत्तर लिहून घेऊ नका. त्याला सांगा, ‘माझी क्वेरी चुकेल असा डेटा दे.’ या कामाला ते फार उपयोगी पडतं.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी एक गोष्ट मनापासून सांगतो. विचार मराठीतच करा, खुशाल करा. आठवड्यातून दोनदा मात्र मित्राला समोर बसवून किंवा फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून तोच विचार इंग्रजीत बोला. लागणारी वाक्यं मोजकीच असतात: मी काय गृहीत धरतोय, माझी पहिली रीत कोणती, तिचा खर्च किती, ती कशी सुधारेन, कोणत्या डेटावर तपासेन. लॉजिक उत्तम असूनही गप्प राहिल्यामुळे मागे पडलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्याचं फार वाईट वाटतं. गप्प बसलेल्या माणसाच्या डोक्यात काय चाललंय ते समोरच्याला दिसत नाही.

मित्रासोबत सराव करताना आपोआप शब्द सुचवणारा एडिटर बंद ठेवा, साध्या नोटपॅडवर लिहा आणि ४० मिनिटांचा गजर लावा. प्रश्न ऐकल्यावर पहिली दोन मिनिटं कोड नाही, फक्त विचारणा: डेटात पुनरावृत्ती आहे का, नल असू शकतो का, बरोबरी झाली तर एक ओळ हवी की सगळ्या, डेटा साधारण किती?

इंटरव्ह्यूच्या आदल्या संध्याकाळी नवा प्रश्न हातात घेऊ नका. कोरी फाइल उघडा, त्या सात ओळींचं टेबल आठवून पुन्हा बनवा, दुसरा पगार डेन्स रँकने एकदा आणि मॅक्सने एकदा काढा, आणि लॅपटॉप मिटून वेळेवर झोपा.