मायक्रोमीटरचं थ्रीडी ॲनिमेशन: आधी आटे नीट फिरवा

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत नवीन लागलेल्या पोरांच्या हातात मायक्रोमीटर (बारीक मापं घ्यायचं स्क्रूचं साधन) दिला तरी आतले आटे दिसत नाहीत, आणि सगळं काम तर आट्यांचंच आहे, म्हणून थ्रीडी ॲनिमेशन. पण बहुतेक व्हिडिओत थिंबल, म्हणजे हातानं फिरवायची रेघांची नळी, नुसतं छान फिरतं, माप मात्र चुकीचं दिसतं. असल्या व्हिडिओपेक्षा फळ्यावरचं चित्र बरं.

ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते घ्या. मापं खऱ्या मायक्रोमीटरवरून घ्या, 1 युनिट म्हणजे 1 मिमी धरा, आणि स्लीव्ह (थिंबलच्या आतली मिमीच्या रेघांची स्थिर नळी) आणि थिंबल अर्धं कापून आतला स्क्रू उघडा ठेवा.

आता खरी अडचण, माझा सगळ्यात जास्त वेळ इथंच गेलाय. नेहमीच्या मायक्रोमीटरचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) 0.5 मिमी, थिंबलवर 50 रेघा, म्हणजे एका फेऱ्यात स्पिंडल (वस्तूला टेकणारा सरकता दांडा) अर्धा मिमी सरकतो आणि एका रेघेला 0.01 मिमी. लोक सरकण्याला वेगळ्या की (कीफ्रेम, म्हणजे कुठल्या फ्रेमला वस्तू कुठं असेल त्याची खूण) लावतात, फिरण्याला वेगळ्या, मग टायमिंग जरा हललं की दोन्हींचा मेळ तुटतो. असं करूच नका. एक एम्प्टी (रेंडरमध्ये न दिसणारी रिकामी वस्तू) घ्या, स्पिंडल आणि थिंबल त्याला पॅरेंट करा, म्हणजे ते त्याच्याबरोबर सरकतील, की फक्त एम्प्टीच्या सरकण्याला लावा आणि थिंबलच्या फिरण्याला ड्रायव्हर (एका किमतीवरून दुसरी काढणारं सूत्र) द्या: मिमीतलं अंतर गुणिले 4 गुणिले पाय (π), कारण ड्रायव्हरमध्ये कोन रेडियनमध्ये लागतो. उलटं फिरलं तर वजा चिन्ह लावा. उलट्या बाजूनं, म्हणजे फिरण्यावरून सरकणं काढायला जाऊ नका, ड्रायव्हरमध्ये ट्रान्सफॉर्म चॅनल (वस्तूची जागा किंवा कोन वाचायचा पर्याय) घेतलं की अर्ध्या फेऱ्यानंतर कोन उडी मारतो आणि स्पिंडल झटका खातो.

मग तपासा. 0.25 मिमीला थिंबलवर 25 आलं पाहिजे, 7.78 ला स्लीव्हवर 7.5 उघडं आणि थिंबलवर 28. हे जुळल्याशिवाय लाइट, मटेरियल कशालाच हात लावू नका.

दुसरी गोष्ट वेगाची, ही कुणीच सांगत नाही. सेकंदाला 25 फ्रेमच्या व्हिडिओत थिंबल सेकंदाला अर्धा फेरा फिरलं तर दर फ्रेमला बरोबर एक रेघ सरकते, आणि रेघा जवळपास सारख्याच असल्यानं डोळ्याला त्या जागच्या जागी थांबल्यासारख्या वाटतात, वेग थोडा कमी असेल तर चक्क उलट्या जाताना दिसतात! माप वाचायच्या शॉटमध्ये दहा सेकंदांत एक फेरा, त्याहून जलद नाही. जलद फिरवायचंच असेल तर कॅमेरा रेघांवरून हटवून रॅचेटकडे (टोकाची, जास्त दाब आला की घसरणारी मूठ) न्या.

आणि 0.01 मिमी दिसत नाही म्हणून स्पिंडलची हालचाल फुगवून दाखवणं मला अजिबात पटत नाही, पोरं तेच खरं धरतात. हालचाल आहे तेवढीच ठेवा, कॅमेरा जवळ न्या.

रेंडर करा, म्हणजे पक्का व्हिडिओ काढा, व्हॉट्सॲपवर पाठवून फोनवरच बघा. बारीक रेघा तिथं पुसट होतात, झाल्या तर त्या जाड करून परत रेंडर मारा.