पेटी उघडण्याआधीचा महिना : शालेय मानसशास्त्राकडे वळणाऱ्यांसाठी

एम. ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला मी शाळेतली इंटर्नशिप मागून घेतली. ठाण्याला नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून ट्रान्स हार्बरची गाडी पकडायची, तुर्भ्याला उतरायचं, मुलांच्या चाचण्या घ्यायच्या आणि रिपोर्ट लिहायचे, असं चित्र डोक्यात होतं. बिने-कामत या बुद्धिमत्ता चाचणीच्या सूचना मला तोंडपाठ होत्या. पहिल्याच दिवशी सुपरवायझर मॅडम म्हणाल्या, "चाचणीची पेटी महिनाभर कपाटात राहू दे. तू शेवटच्या बाकावर बस."

मला वाईट वाटलं. तो महिना वाया जाणार, असंच वाटत होतं. आज कोणी नवीन मुलगी विचारायला आली, की मी सगळ्यात आधी त्या महिन्याबद्दल सांगते.

त्या महिन्यात काम एकच होतं, वर्गात बसून मुलांचं निरीक्षण. वहीच्या पानाचे तीन रकाने करायचे. आधी काय घडलं, मुलाने काय केलं, त्यानंतर काय झालं. पाचवीतला एक मुलगा 'एका जागी बसतच नाही' अशी बाईंची तक्रार होती. चार दिवसांच्या नोंदी एकाखाली एक ठेवल्यावर दिसलं, की गणिताच्या तासाला तो पूर्ण वेळ बसतो. उठतो तो मराठी आणि इंग्रजीच्या तासाला, आणि तेही प्रकट वाचनाची पाळी त्याच्या रांगेत आली की. पाणी प्यायला जातो, पाळी पुढे गेली की परत येतो. म्हणजे बघायचं होतं त्याचं वाचन. बाईंना ते पान दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हे मला दिसायला हवं होतं." पण साठ मुलांच्या वर्गात शिकवता शिकवता ते कोणालाच दिसत नाही. आपल्या हातात फक्त वही असते म्हणून आपल्याला दिसतं. हे शिक्षकांना मोकळेपणाने सांगावं. त्यानंतर स्टाफरूममध्ये आपल्यासाठी खुर्ची सरकवली जाते.

आता माझी चूक सांगते, कारण ती तुमच्याकडून होऊ नये असं मला मनापासून वाटतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

सहावीतली बारा वर्षांची मुलगी. आईवडील दगडखाणीवर कामाला, घर बंजारा, शाळा मराठी माध्यमाची. मी तिच्यावर बिने-कामत घेतली. शब्दांचे अर्थ, साम्य-भेद, वाक्यातली विसंगती या सगळ्यांत ती अडली. मी आकडेमोड केली आणि रिपोर्टमध्ये 'सीमारेषेवरची बुद्धिमत्ता', म्हणजे सरासरीहून बरीच कमी, असं लिहून टाकलं. मॅडमनी कागद वाचला, परत माझ्या हातात दिला आणि एवढंच विचारलं, "घरी कुठली भाषा बोलतात?"

मी विचारलंच नव्हतं. ती माझ्याशी मराठीत बोलत होती, तेवढ्यावर मी गृहीत धरलं होतं. घरी सगळे गोरमाटी बोलतात. शाळेत येईपर्यंत मराठी तिच्या कानावर फक्त दुकानात आणि रस्त्यावर पडलेली. मी मोजली होती तिची मराठी आणि नाव दिलं होतं बुद्धीचं.

मग मॅडमच्या देखरेखीखाली भाटियांची कृतिचाचणी मालिका घेतली, म्हणजे शब्दांऐवजी हाताने करायच्या कामांतून बुद्धी बघणारी चाचणी. 1955 ची ही मालिका 11 ते 16 वयाच्या मुलांसाठी आहे आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांनाही देता येते. रंगीत ठोकळ्यांच्या नक्षीत तिने प्रत्येक वेळी आधी एक कोपरा पक्का केला आणि तिथून बाकीचं बसवत गेली. चुकलं तर सगळं न मोडता तेवढाच ठोकळा काढायची. तिचे गुण सर्वसाधारण मुलांच्या बरोबरीचे आले. गुणांची तुलना ज्यांच्याशी करायची ती मालिकेची मानकं कित्येक दशकांपूर्वीची आहेत, म्हणून आम्ही आकड्यावर भर दिला नाही. ती काम कसं करते, ते लिहिलं. त्यावरून वर्गासाठी उपाय सुचला : धडा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी त्यातले दहा शब्द तिला चित्रांसकट द्यायचे, आणि दोन्ही भाषा येणाऱ्या मैत्रिणीशेजारी बसवायचं.

तुर्भे, दिघा, कळवा, मुंब्रा इथल्या शाळांत काम कराल तर एकाच वर्गात चार-पाच घरभाषा सापडतील. अध्ययन अक्षमतेचं, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणितात सतत अडण्याचं, निदान करतानाही हाच प्रश्न आडवा येतो. ज्या भाषेत शिकवलं जातं ती मुलाला पुरेशी मिळालीच नसेल, तर वाचन न येण्याला अक्षमता म्हणता येत नाही. नजर आणि कान तपासले आहेत का, शाळा किती बुडली, झोप किती होते, हे सगळं चाचणीच्या आधी विचारायचं.

पात्रतेचा गोंधळ पहिल्यापासून समजून घ्या. आपल्याकडे शालेय मानसशास्त्रज्ञाचा वेगळा परवाना नाही. शाळांच्या जाहिरातीत बहुतेकदा 'समुपदेशक' असं पद असतं. अमेरिकेतल्या शालेय मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेच्या निकषांत 1200 तासांची इंटर्नशिप आहे आणि त्यातले किमान 600 तास शाळेतच व्हावे लागतात. आपल्याकडे मात्र किती तास आणि कोणाच्या हाताखाली, हे बऱ्याच अंशी तुमच्या कॉलेजवर ठरतं. म्हणून जागा निवडताना विद्यावेतनाच्याही आधी विचारा, की आठवड्याला एक तास माझ्यासोबत बसून माझ्या केसेस कोण बघणार? उत्तर मिळालं नाही तर ती जागा घेऊ नका, असं मी स्पष्टच सांगेन. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता येते, पण त्याचं प्रमाणपत्र अधिकृत सरकारी यंत्रणेकडूनच मिळतं. तुमच्या सहीने मिळत नाही. 'तुमचा रिपोर्ट लावला की बोर्डात जास्त वेळ मिळेल ना?' असं पालक विचारतात, तेव्हा हे तिथल्या तिथे सांगावं लागतं.

मुलांना 'तू सांगशील ते आपल्या दोघांतच राहील' असं वचन कधीही देऊ नका. 2012 च्या पोक्सो कायद्याने, बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, इंटर्नवरसुद्धा. मी पहिल्या भेटीतच म्हणते, "तुला कोणी इजा करत असेल, किंवा तू स्वतःला करणार असशील, तर मला मोठ्यांची मदत घ्यावी लागेल. बाकीचं तुझं तुझ्याकडे." मुलांना हे कळतं. एखाद्याने तसं काही सांगितलंच, तर त्याला पुन्हा पुन्हा विचारून तपशील काढू नका. त्याचेच शब्द लिहून ठेवा आणि त्याच दिवशी सुपरवायझरना गाठा. 1098 हा बालकांसाठीचा मदत क्रमांक मुलांच्या वहीत लिहून द्या.

पालकांना शाळेच्या वेळेत बोलावलं की खाणीवरची एक दिवसाची मजुरी जाते. म्हणून त्या मुलीच्या वडिलांना मी सकाळी पावणेसातला भेटले, शाळेचं फाटक उघडायच्या आधी, बाहेरच्या कट्ट्यावर. फायलीतला रिपोर्ट इंग्रजीत होता. त्याशिवाय मी मराठीत एक पान लिहून नेलं होतं. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून वाचून दाखवलं. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे तिला दुसऱ्या शाळेत टाकायचं नाही?"

"नाही," मी म्हटलं. "इथेच शिकेल ती."

त्यांनी ते पान मागून घेतलं, चार घड्या घालून खिशात ठेवलं आणि कामावर गेले.