मुर्तिजापूर ते शेगाव : पूर्णेच्या खोऱ्यातून आणि सातपुड्याच्या पायथ्याने सायकलप्रवास

पूर्णेच्या खोऱ्यातला सायकलमार्ग आखताना मी सर्वांत आधी गोड्या पाण्याची ठिकाणे नकाशावर खुणावतो, मग रस्ते ठरवतो आणि अंतराचा हिशेब शेवटी करतो. बैतूल जिल्ह्यात सातपुड्यात उगम पावून अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून पश्चिमेला जाणाऱ्या आणि पुढे चांगदेवजवळ तापीला मिळणाऱ्या या नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथे विहीर खोदली किंवा बोअर मारली, तरी लागणारे पाणी खारट असते. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी मात्र डोंगरातून वाहून आलेल्या गोटे-वाळूच्या थरांत गोडे पाणी मुरलेले आहे आणि संत्र्याच्या बागा त्याच पाण्यावर उभ्या आहेत. खाली वर्णन केलेला मार्ग खाऱ्या पट्ट्यातून गोड्या पट्ट्यात जातो, डोंगर चढून उतरतो आणि शेवटी पुन्हा खाऱ्या पट्ट्यातून शेगावला संपतो. सावकाश जाणाऱ्याने त्यासाठी पाच दिवस ठेवावेत.

काळ नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा निवडावा. मार्चच्या अखेरीस ऊन असह्य होऊ लागते आणि मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा या सपाट, सावली नसलेल्या रस्त्यांवर सायकल काढणे धोक्याचे आहे. पावसाळ्याचे कारण निराळे आहे. येथील काळी कसदार माती ओली झाली की चाकाला आणि मडगार्डला अशी लिंपून बसते की पन्नास पावलांत चाक फिरेनासे होते, आणि मग सायकल खांद्यावर घेऊन चालण्यावाचून उपाय उरत नाही. म्हणून अवकाळी पाऊस झाला असेल, तर पांदण रस्त्याने जवळची वाट काढण्याचा मोह टाळावा आणि जमीन वाळेपर्यंत निदान दोन दिवस डांबरी रस्ता सोडू नये. हीच माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावरचे डांबरी रस्तेही लाटांसारखे वरखाली होतात आणि कडेने तुटतात. बारीक टायर येथे उपयोगाचे नाहीत. ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे टायर घ्यावेत आणि हवा थोडी कमी ठेवावी.

प्रारंभ मुर्तिजापूरहून करावा, कारण हे स्थानक मुंबई-हावडा मुख्य मार्गावर आहे आणि सायकल पार्सलने आणणे सोयीचे पडते. येथूनच अचलपूरकडे ‘शकुंतला’ ही ७६२ मिलिमीटर रुंदीची अरुंद रेल्वे ७६ किलोमीटर जात असे. ती आता बंद आहे, परंतु दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, पथ्रोट, अचलपूर ही तिची स्थानके म्हणजेच आपला मार्ग होय. रस्त्याने हे अंतर सुमारे ८० ते ८५ किलोमीटर भरते. सरावलेला सायकलस्वार ते एका दिवसात कापू शकेल, परंतु पहिल्या दिवशी अंजनगावला मुक्काम करणे मला अधिक योग्य वाटते, कारण वाटेत थांबण्यासारखे पुष्कळ आहे.

मुर्तिजापूर सोडताना निदान तीन लिटर पाणी बरोबर असावे. लाखपुरीजवळ पूर्णा ओलांडली की दोन्ही बाजूंना हरभरा, तूर आणि कपाशी दिसते. ही बहुतांश कोरडवाहू शेती आहे, कारण खालचे पाणी ओलिताला चालत नाही. या पट्ट्यातील गावांना पिण्याचे पाणी दूरच्या धरणांवरून नळाने येते आणि ते रोज येतेच असे नाही. म्हणून हातपंप दिसला की बाटली भरावी ही आपली सवय येथे सोडावी आणि प्रत्येक वेळी विचारून घ्यावे. एकदा मी हातपंपाखाली बाटली धरली असता ओट्यावर बसलेल्या आजोबांनी हाक मारली, “ते खारं हाये भाऊ, घरातून नयाचं पानी घेऊन जा.” त्यांच्या घरात ते पाणी किती मोजून वापरले जाते, हे नंतर रांजणावर झाकून ठेवलेल्या ओल्या फडक्यावरून माझ्या ध्यानात आले. तेव्हापासून मी या पट्ट्यात शक्यतो दुकानातून पाणी विकत घेतो आणि कोणाच्या घरी मागावेच लागले, तर पिण्यापुरतेच मागतो. हात-पाय धुण्यासाठी ते पाणी मागू नये.

गाडगे महाराजांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अंजनगाव तालुक्यातील शेंडगावचा आणि त्यांचे बालपण मामाच्या गावी, मुर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे गेले. पूर्णाकाठच्या ऋणमोचनला पौष महिन्याच्या रविवारी यात्रा भरते. त्या दिवशी वाहनांची गर्दी असते, हे लक्षात ठेवून निघावे. दर्यापूरहून वाट थोडी वाकडी करून लासूरचे आनंदेश्वराचे काळ्या दगडाचे हेमाडपंती मंदिर अवश्य पाहावे. सकाळचे तिरपे ऊन खांबांवरील कोरीवकामावर पडते, तेव्हा त्यातील बारकावे सर्वांत चांगले दिसतात.

आता काट्यांविषयी, कारण या मार्गावर सर्वांत जास्त वेळ त्यांतच जातो. बाभळीचे आणि वेड्या बाभळीचे काटे रस्त्याच्या कडेला, बांधांवर, विशेषतः शेतकऱ्यांनी कुंपणासाठी फांद्या ओढून नेल्या असतील तेथे पसरलेले असतात; पायवाटांवर सराटे असतात. दर्यापूरच्या अलीकडे माझे एकच चाक एका तासात तीनदा बसले. प्रत्येक वेळी मी ट्यूब काढली, छिद्र शोधले, पॅच लावला आणि पुढे निघालो. तिसऱ्या वेळी टायर पूर्ण उलटा करून आतून बोट फिरवले, तेव्हा बाहेरून मुळीच न दिसणारे, तांदळाच्या कणीएवढे काट्याचे टोक बोटाला लागले. बाहेरचा काटा केव्हाच मोडून गेला होता आणि आत राहिलेले टोक प्रत्येक वेळी ट्यूब फोडत होते. म्हणून पंक्चर काढताना घाई करू नये. ट्यूबवरील छिद्र व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते पाहून टायरवर तीच जागा शोधावी, बोट किंवा कापडाची चिंधी आतून हळूहळू फिरवावी, टोक चिमट्याने बाहेर ओढावे आणि मगच ट्यूब आत घालावी. चिमटा, दोन जादा ट्यूब, पॅच, सोल्युशन, टायर काढण्याच्या पट्ट्या आणि स्वतःचा पंप एवढे साहित्य बरोबर असलेच पाहिजे. गावातील दुकानात साध्या सायकलीची ट्यूब मिळते, गिअरच्या सायकलीची बहुधा मिळत नाही, आणि बारीक तोंडाच्या व्हॉल्व्हला तेथील पंप बसत नाही.

अंजनगाव सुर्जी हे विड्याच्या पानांचे आणि पानपिंपळीचे गाव आहे. दौलतराव शिंदे यांनी इंग्रजांशी केलेला १८०३ चा तह याच गावाच्या नावाने ओळखला जातो. येथून पथ्रोटमार्गे परतवाड्याकडे निघाले की जमिनीचा रंग हळूहळू फिका होतो, रस्त्याकडेला गोटे दिसू लागतात आणि संत्र्याचे मळे सुरू होतात. गोडे पाणी जवळ आल्याची ही खूण आहे. पायथ्याचा रस्ता नकाशावर सपाट वाटतो, परंतु शहानूर, चंद्रभागा, बिच्छन, सापन अशा सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्या आणि त्यांच्यामधले असंख्य नाले त्याला आडवे येतात, आणि प्रत्येक ठिकाणी थोडे उतरून पुन्हा चढावे लागते. एखाद्या रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी वाहत असेल, तर ते घोट्याएवढे दिसले तरी थांबावे. डोंगरात पडलेल्या पावसाचा लोंढा खाली ऊन असतानाही येतो.

परतवाड्याला एक पूर्ण मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच चिखलदऱ्याकडे निघावे. परतवाडा समुद्रसपाटीपासून ४०० मीटरांच्या आसपास आहे आणि चिखलदरा सुमारे १,१०० मीटरांवर, म्हणजे ३० किलोमीटरांत सातशे मीटरांची चढण आहे. धामणगाव गढी ओलांडेपर्यंत रस्ता सौम्य असतो. त्यानंतर घाट लागतो आणि वळणावळणांनी चढ वाढत जातो. सामान जास्त असेल तर ते परतवाड्याच्या लॉजवर ठेवून हलक्या सायकलीने चढावे, हे मी आग्रहाने सांगेन. सर्वांत हलका गिअर सुरुवातीपासूनच लावावा, धाप लागण्याची वाट पाहू नये. मोथा गावात गवळी लोकांकडचा ताजा खवा मिळतो आणि घाट चढून आलेल्या माणसाला तो फार गोड लागतो. वर पोहोचल्यावर गाविलगड पाहायला निदान अर्धा दिवस द्यावा. डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला घेतला आणि त्यानंतर पंधरा दिवसांतच अंजनगावचा तह झाला.

हा सगळा भाग मेळघाटचा आहे. १९७४ पासून येथे व्याघ्र प्रकल्प आहे आणि वाघाइतकीच अस्वलाचीही धास्ती बाळगावी. दुपारी चारनंतर घाटात सायकल चालवू नये, एकट्याने जंगलातील आडवाट धरू नये आणि वनविभागाच्या नाक्यावर जे सांगतील ते ऐकावे. उतरताना ब्रेक सतत दाबून धरल्यास रिम तापते. पुढचा आणि मागचा ब्रेक आलटून पालटून दाबावा आणि मध्ये दोनदा थांबून रिमजवळ हात नेऊन पाहावा. थंडीच्या दिवसांत पहाटे उतरताना बोटे बधिर होऊन ब्रेक नीट दाबला जात नाही, म्हणून हातमोजे घालावेत.

परत पायथ्याला आल्यावर अंजनगावमार्गे अकोट गाठावे. ज्याच्याकडे आणखी एक दिवस असेल, त्याने अकोटहून उत्तरेला शहानूर गावापर्यंत जाऊन नरनाळा किल्ला पाहावा. तेथे वनविभागाच्या फाटकावर नोंद करूनच पुढे जाता येते. अकोटच्या पुढे तेल्हाऱ्याकडे जाताना डोंगर उजव्या हाताला सोबत करतो. कपाशीच्या वेचणीच्या दिवसांत पहाटे आणि दिवस मावळताना कापसाने भरलेले ट्रॅक्टर व बैलगाड्या मागे दिवा नसताना चालतात, त्यामुळे आपल्या सायकलीला पुढे-मागे दिवे असावेत आणि शक्य तो अंधारात रस्त्यावर नसावे.

वरवट बकाल हे पूर्णा दुसऱ्यांदा ओलांडण्यापूर्वीचे मोठे गाव आहे. येथे पोटभर जेवून घ्यावे आणि सर्व बाटल्या भराव्यात, कारण पुढे शेगावपर्यंत पुन्हा खारपाणपट्टा आहे. शेगावला गजानन महाराज संस्थानच्या भक्तनिवासात राहण्याची सोय होते. गुरुवारी आणि सुटीच्या दिवशी मात्र गर्दी असते. शेगाव स्थानकही मुख्य मार्गावरच आहे. सायकल पार्सलला देण्याआधी साखळीत बसलेली काळी धूळ कोरड्या फडक्याने पुसून तेल द्यावे, पेडल काढून पिशवीत ठेवावीत, टायरमधली थोडी हवा सोडावी आणि गाडीच्या वेळेपूर्वी निदान दोन तास पार्सल कार्यालयात पोहोचावे.