फ्रीज बंद करून राहायचं असेल तर

फ्रीज सोडायचं ठरलं की लोक पहिल्यांदा माठ आणायला धावतात. माठाचं नंतर बघू. आधी बाजारहाटाची सवय बदला. आठवड्याची भाजी एका दमात आणायची आणि उरलेलं सगळं डब्यात कोंबायचं, हे चालू असेपर्यंत फ्रीज काही सुटत नाही.

सुरुवात दिवाळीनंतर करा. साताऱ्या-सांगलीकडे तेव्हा थंडी पडते, दूध टिकतं आणि चुकलं तरी फार नासाडी होत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकला असताना हा उद्योग आरंभलात, तर आठवडाभरात घरातले लोकच फ्रीज परत चालू करतील. लगेच विकूही नका. आतलं खाऊन संपवा, पुसून कोरडा करा, प्लग काढा आणि दार थोडं उघडं ठेवा, नाहीतर आत कुबट वास बसतो.

भाजी

मेथी, पालक, कोथिंबीर त्याच दिवशी लागेल तेवढीच आणायची. जुडी सकाळी आणली तर मुळं पाण्यात बुडतील अशी तांब्यात उभी ठेवा, संध्याकाळपर्यंत ताजी राहते. मिरच्यांचे देठ खुडून त्या कोरड्या फडक्यात गुंडाळा. कांदे-बटाटे वेगवेगळ्या टोपल्यांत, हवेशीर ठेवा. एकत्र ठेवले तर बटाट्यांना लवकर कोंब फुटतात. लाल भोपळा न चिरता नुसता कोपऱ्यात ठेवला तरी महिना-दोन महिने काही होत नाही. चिरला की मात्र शेजारी फोड द्यायची.

दूध

खरी परीक्षा इथे आहे. सकाळचं दूध आलं की लगेच तापवा, उतू जायच्या बेतात आलं की आच कमी करून थोडा वेळ उकळू द्या. मग पातेलं पाणी भरलेल्या परातीत ठेवा आणि वर जाळी झाका. गरम दुधावर घट्ट झाकण ठेवलं की वाफेचं पाणी आत ठिबकतं आणि दूध लवकर बिघडतं. परातीतल्या पाण्याने दूध निवतं, शिवाय मुंग्या लागत नाहीत. उन्हाळ्यात पातेल्याभोवती ओलं फडकं गुंडाळा, त्याची टोकं परातीतल्या पाण्यात सोडा, म्हणजे ते आपोआप ओलं राहतं. संध्याकाळी पुन्हा तापवा. रात्री उरेल त्याला विरजण लावा. दही, ताक, लोणी, तूप ही दूध टिकवायचीच साखळी आहे. लोणी थंड पाण्यात ठेवून पाणी रोज बदला आणि दोन-तीन दिवसांत कढवा. साताऱ्याचा कंदी पेढा तरी काय, खवा खरपूस भाजला म्हणून फ्रीजशिवाय टिकतो.

माठ

नवा माठ रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. पहिल्या दोन-तीन दिवसांचं पाणी झाडांना घाला. आतून साबण लावायचा नाही, हाताने किंवा काथ्याने घासा. तिवईवर, वारा खेळेल अशा सावलीत ठेवा. माठातून पाझरलेलं पाणी वाऱ्याने सुकतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं, त्यामुळे बंद कोपऱ्यात ठेवलेला माठ नावालाच माठ. म्हणूनच माण, खटाव, जत, आटपाडीच्या कोरड्या हवेत तो मे महिन्यातही झकास काम करतो. पाटण-महाबळेश्वरच्या पावसाळ्यात हवाच ओलीचिंब, तिथे माठाकडून गारव्याची अपेक्षा नको. गरजही नसते म्हणा.

शिळंपाकं

भात मोजून लावा. उकाड्यात तासन् तास उरलेला भात परत गरम केला तरी पोट बिघडवू शकतो, तो गुराढोरांच्या वाट्याला. ज्वारीची भाकरी मात्र दुसऱ्या दिवशी ताकात कुस्करून खायलाच जास्त गोड लागते. मटण आणलं त्या दिवशीच शिजवून संपवायचं. आदल्या दिवशी वाटण करून ठेवायची सवयही सोडावी लागेल. हे कष्टाचं आहे आणि बहुतेक घरांत ते बाईच्याच पदरी पडतं. त्यामुळे फ्रीज बंद करायचा उत्साह ज्याला असेल, त्याने रोजची मंडई आणि दूध तापवणं स्वतःकडे घ्यावं.

जोडीला कोरडा साठा हवा. शेंगदाण्याची, कारळाची, जवसाची चटणी, कांदा-लसूण मसाला, सांडगे, तासगावकडचे बेदाणे. वाळवून आणि कोंडून टिकवायची रीत या भागाला नवी नाही. सांगलीशेजारच्या हरिपूरला जमिनीतल्या पेवांत हळद वर्षानुवर्षे ठेवली जायची.

घरात कुणाला इन्सुलिन चालू असेल तर हा बेत तिथेच थांबवा. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं, माठाला ते झेपत नाही. अशा घरी लहान फ्रीज औषधापुरता राहू द्या. फक्त त्यात कुणी हळूच कालची आमटी सरकवत नाही ना, एवढं बघा.