कार्बन फायबर स्किनिंग: इपॉक्सीचे कोट कधी आणि किती द्यायचे

प्लॅस्टिकच्या मूळ भागावर कार्बन कापडाचा एक थर बसवून वर पारदर्शक इपॉक्सी चढवायचं, याला स्किनिंग म्हणतात. नवख्या माणसाला कापडाची भीती वाटते, पण काम बिघडतं ते बहुतेक वेळा कोटांच्या वेळेत. खालचा कोट ओला असताना घाई केली तर कापड सरकतं. तो पूर्ण कडक झाल्यावर पुढचा दिला तर दोन थर रासायनिकरीत्या एकजीव होत नाहीत आणि पुढे पापुद्रा सुटतो. या दोन्हींच्या मधली चिकट अवस्था पकडायची, हेच यातलं खरं कौशल्य.

उदाहरणाला गाडीच्या बाहेरच्या आरशांची दोन कव्हरं घेऊ. दोन्ही मिळून साधारण ०.१२ चौरस मीटर. आधी आतल्या बाजूला उठवलेली, प्लॅस्टिकचा प्रकार सांगणारी अक्षरं वाचा. एबीएस किंवा पीसी+एबीएस असेल तर पुढे जा. पीपी किंवा पीपी+ईपीडीएम असेल तर सोडून द्या, त्याला इपॉक्सी धरत नाही. आतल्या सजावटीच्या बऱ्याच पट्ट्या पीपीच्याच असतात.

भाग साबणाच्या पाण्याने धुवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि त्यानंतरच १२० नंबरचा पॉलिश पेपर मारा. हा क्रम उलटा झाला तर कार पॉलिशमधलं सिलिकॉन ओरखड्यांत जाऊन बसतं, आणि पुढे रेझिन (इपॉक्सीचा मुख्य द्रव) तिथून मागे सरून गोल खळगे पडतात. अ‍ॅसिटोन किंवा थिनर वापरू नका, त्याने एबीएस विरघळतं. कुठेही चमक उरता कामा नये. क्लिप आणि खाचा टेपने झाका.

मिश्रण नेहमी वजनाने, ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर. रेझिन आणि त्याला कडक करणाऱ्या हार्डनरची घनता वेगळी असते, त्यामुळे डब्यावरचं वजनाचं प्रमाण मापाने घेतलं की चुकतं. इथे १००:३० धरलं आहे; तुमच्या डब्यावर असेल ते घ्या. हार्डनर जास्त घातला म्हणून काम लवकर होत नाही. जास्तीचा हार्डनर तसाच उरतो आणि पृष्ठभाग कायमचा मऊ राहतो. दोन मिनिटं कडा-तळ खरवडत ढवळा, दुसऱ्या कपात ओता, पुन्हा एक मिनिट ढवळा. पहिल्या कपाच्या भिंतीला चिकटलेलं कच्चं रेझिन भागावर गेलं तर तेवढा ठिपका कधीच वाळत नाही. ढवळून झालं की पसरट ट्रेमध्ये ओता. कपात साठून राहिलं तर स्वतःच्याच उष्णतेने लवकर घट्ट होतं.

पहिला कोट काळा: २५ ग्रॅम रेझिन, ७.५ ग्रॅम हार्डनर आणि एकूण वजनाच्या ५ टक्क्यांपर्यंत इपॉक्सीसाठीचा काळा पिगमेंट. काळा अशासाठी, की विणीच्या फटींतून मूळ प्लॅस्टिकचा रंग डोकावू नये. कोट पातळ आणि सारखा द्या, ओघळ नकोत.

आता थांबायचं. २५ ते २८ अंशांत, संथ हार्डनर असेल तर अडीच ते चार तास. घड्याळापेक्षा बोटावर भरवसा ठेवा. हातमोज्याचं बोट टेकवलं की सेलोटेपसारखं धरलं पाहिजे, ठसा उमटला पाहिजे, पण मोज्याला काहीही लागता कामा नये. तार सुटली तर अजून वेळ आहे. मग चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचं २×२ ट्विल (तिरक्या विणीचं) कापड मधून कडांकडे दाबत बसवा. ताणू नका, वीण एकदा वाकडी झाली की वरून कितीही कोट दिले तरी वाकडीच दिसते. कडेला २० मिलिमीटर जादा ठेवा.

पहिला पारदर्शक कोट ४० अधिक १२ ग्रॅम. ब्रश ओढू नका, टोचत टोचत रेझिन कापडात मुरवा. यात चमक शोधू नका. वीण हाताला खडबडीत लागणारच. बारीक छिद्रं पडतात ती बहुधा विणीत अडकलेल्या हवेने. तापमान चढत असेल तर ती हवा फुगून वर येते, म्हणून हा कोट दुपारनंतर, तापमान उतरत असताना द्या. रेझिन पातळ करायला थिनर घालू नका. बाटली कोमट पाण्यात ठेवली की पुरे. त्याने वापरायला मिळणारा वेळ मात्र कमी होतो.

यानंतर ३० अधिक ९ ग्रॅमचे तीन कोट, प्रत्येक आधीचा चिकट अवस्थेत आला की. कपात आणि ब्रशला लागलेलं वजा करता या तिघांची जाडी सुमारे ०.६५ मिलिमीटर होते, घासायला तेवढी हवीच. प्रत्येक कोटानंतर पाऊण तास खालच्या कडेचे थेंब ब्रशने टिपत राहा. मध्ये रात्र गेली आणि कोट कडक झाला तर पाणी आणि घासणीने धुवा, २४० नंबरने पूर्ण मॅट करा आणि मगच पुढचा द्या.

कोकणात, मुंबईत पावसाळ्यात हे धुणं टाळूच नका. दमट हवेत हार्डनरमधलं अमाइन हे रसायन पाणी आणि कार्बन डायऑक्साइडशी जुळून वर मेणचट थर आणतं. तो पाण्याने निघतो; न धुता घासला तर पेपरला चिकटतो आणि पुढचा कोट सुटतो. खोली गरम करायला गॅसची शेगडी लावू नका, तिच्यातून नेमक्या याच दोन गोष्टी बाहेर पडतात. एसी किंवा डीह्युमिडिफायर चांगला.

शेवटच्या कोटानंतर २४ तास, थंडीत ४८. गाडी उन्हात उभी राहणार असल्याने रेझिनच्या माहितीपत्रकात पोस्ट-क्युअर (उष्णता देऊन पूर्ण पक्कं करणं) दिलं असेल तर ते अंतिम घासण्याआधी करा: तासाला १० अंश चढवत ६० अंशांपर्यंत, तिथे सहा तास. नंतर केलं तर गुळगुळीत केलेल्या पृष्ठभागावर वीण पुन्हा उमटते.

मग ब्लॉकवर २४०, आणि पाण्याबरोबर ४००, ८००. पाणी काळसर झालं म्हणजे धागा लागला, तिथेच थांबा आणि त्या जागी आणखी एक कोट द्या. कडा हातानेच घासा. नायट्राइलचे हातमोजे सुरुवातीपासून, घासताना एन९५ मास्क. इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा जडली की जात नाही.

इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं, म्हणून ८०० नंबरवर यूव्ही-रोधक टू-के क्लिअरचे (दोन घटक मिसळून द्यायच्या पारदर्शक लॅकरचे) दोन कोट हवेत. त्यात आयसोसायनेट हे घातक रसायन असतं, एन९५ तिथे कामाचा नाही. हे काम पेंट बूथमध्येच करून घ्या. क्लिअर देण्याआधी कव्हर एकदा आरशावर बसवून बघा. कडेला जवळपास १ मिलिमीटर जाडी वाढलेली असते, जोड घट्ट होत असेल तर आतली कड आत्ताच १२० नंबरने उतरवा.