जुनं अमेरिकन फुटेज वापरताय? या चुका टाळा

प्रेलिंगर अर्काइव्हज हा जुन्या फिल्म्सचा संग्रह असो, लायब्ररी ऑफ काँग्रेस असो, अमेरिकेतले कारखाने, घरं, बाजार, महायुद्ध असं सगळं आता घरबसल्या डाउनलोड होतं. डाउनलोड झालं की लगेच माहितीपटाच्या संपादनाच्या टाइमलाइनवर टाकायचं, ही घाई मला अजिबात पटत नाही.

सगळ्यात जास्त त्रास देणारी चूक म्हणजे पुन्हा उभारलेला प्रसंग खरा म्हणून दाखवणं. आमच्याकडे एका नव्या संपादकाने पर्ल हार्बर या अमेरिकन नौदल तळावरच्या १९४१च्या जपानी हल्ल्याचा भाग कापून आणला होता. त्यात विमानांवर तोफ डागणाऱ्या नौसैनिकाचा जवळून घेतलेला शॉट होता आणि त्यावर निवेदन, ‘त्या सकाळची ही प्रत्यक्ष दृश्यं’. मी विचारलं, हे कुठून आणलंस? म्हणाला, "सर, क्लिपच्या नावातच पर्ल हार्बर आहे." तो तुकडा होता ‘डिसेंबर सेव्हन्थ’ या १९४३च्या चित्रपटातला. दिग्दर्शक जॉन फोर्ड आणि छायाचित्रकार ग्रेग टोलंड यांनी त्यात हल्ल्याचे बरेच प्रसंग नंतर उभे करून, काही तर छोट्या मॉडेलवर चित्रित केले. त्याच्या छोट्या आवृत्तीला ऑस्कर मिळालं, आणि तेव्हापासून ही दृश्यं माहितीपटांत खरी म्हणून फिरतायत. निवेदन रेकॉर्ड झालं होतं, संगीत बसलं होतं, तरी सगळं उघडून पुन्हा करायला लावलं.

ओळखायचं कसं? बॉम्ब पडायच्या आधीच कॅमेरा नेमक्या जागी लावलेला असतो, चेहऱ्यावर व्यवस्थित उजेड असतो, एकच कृती दोन कोनांतून दिसते. याउलट ‘सोलेस’ या इस्पितळ-जहाजावरून टिपलेला ‘अ‍ॅरिझोना’ या युद्धनौकेचा स्फोट पाहा. तो लांबून घेतलेला आहे, त्यात कसलीही मांडणी नाही. मी प्रत्येक क्लिपसमोर वहीत लिहितो: कोणी काढली, कोणासाठी, कधी. रकाना रिकामा असेल तर क्लिप वापरत नाही.

दुसरी चूक वेगाची. कॅमेरामन बिली बिट्झरने १९०४ मध्ये पिट्सबर्गजवळच्या वेस्टिंगहाउस कारखान्यांत तारांची वेटोळी गुंडाळणाऱ्या कामगार मुली चित्रित केल्या. अशा मूक फिल्मचा वेग ठरलेला नसे. सेकंदाला १६ फ्रेम्सनी घेतलेलं चित्र २४ने चालवलं तर दीडपट पळतं, आणि कसबी कामगार बाहुल्यांसारखे दिसतात. चालणारी माणसं आणि खाली पडणाऱ्या वस्तू पाहून वेग लावा. फाइल जुन्या व्हिडिओ टेपवरून आलेली असेल तर आधी डीइंटरलेस करा, म्हणजे एकाआड एक ओळींत साठवलेलं चित्र पूर्ण फ्रेम्समध्ये बदला. नाहीतर वेग बदलताच हाताच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेषा येतात. रंग भरून, फ्रेम्स वाढवून ‘सजीव’ करणारी सॉफ्टवेअर मी वापरत नाही. तो रंग त्या कारखान्यातला नसतो, यंत्राने अंदाजाने भरलेला असतो.

चौकोनी चित्र पडदाभर ताणू नका. पडदा भरायला वरखाली कापलंत तर नेमके यंत्रावरचे हात जातात.

अमेरिकन केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून काढलेली फिल्म तिथे कॉपीराइटमुक्त असते, पण तिच्यातलं संगीत तसं असेलच असं नाही. ते वेगळं तपासा.

आणि फिल्मच्या कडेवरची, ती बनवणाऱ्या कोडॅक कंपनीची चिन्हं पाहून चित्रीकरणाचं वर्ष ठरवू नका. त्यावरून कच्ची फिल्म कधी बनली एवढंच कळतं, आणि तीच चिन्हं दर २० वर्षांनी पुन्हा येतात.