लांबच्या राइडला बूड दुखतं? एअर सीट घ्या, पण हवा कमी भरा

नाशिकहून सापुतारा म्हणजे जेमतेम ८० किलोमीटर, तरी वणी येईपर्यंत माझं बूड बधिर व्हायचं, मग मी बाइकच्या सीटवर पट्ट्यांनी बांधायची हवेची सीट घेतली आणि पहिल्याच दिवशी तोंडाने फुगवून फुगवून टम्म केली. दिंडोरीपर्यंत नुसता फुग्यावर बसल्यासारखा डुलत होतो, वळणावर तर भीतीच वाटायची, म्हटलं पैसे पाण्यात गेले.

चूक माझीच होती. ही सीट फुगवायची थोडीच, मग गाडीवर नीट बसायचं आणि बसल्या बसल्या व्हॉल्व्ह उघडून हळूहळू हवा सोडायची, बूड खालच्या सीटला टेकेल न टेकेल असं वाटलं की लगेच बंद. बोटभर हवा राहिली तरी पुष्कळ झाली. पट्टे मात्र घट्ट आवळा, सैल राहिले तर ब्रेक मारला की सीट पुढे सरकते. आणि एक, बसायची उंची जरा वाढते, तर बुटक्या माणसाने सिग्नलला पाय पुरतात का ते आधी घराजवळ बघून घ्यावं.

जेलवाली गादी पण चांगली असते, पण एप्रिलच्या उन्हात गाडी उभी केली की तव्यावर बसल्यासारखं होतं, वरून फडकं टाकून ठेवावं लागतं. थंडीत पहाटे निफाडकडे जाणार असाल तर आधी हँडगार्ड, म्हणजे हँडलवर हातांपुढे वारा अडवायला लावतात ते, घ्या, नुसत्या ग्लोव्हजने बोटं वाचत नाहीत, क्लच दाबायची पण बोंब होते.